मूसीचे पाणलोट आणि शहराचे उत्तरदायित्व



गुरुजींच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यापूर्वी ज्यांनी पुष्पे गुंफली, त्यांत साहित्यिक होते, इतिहासाचे अभ्यासक होते, संगीताचे जाणकार होते. मी पेशाने पाणीपुरवठ्याचा अभियंता. नळ, गाळण्या, पंप आणि झडपा यांच्या सहवासात माझे आयुष्य गेले. तेव्हा निमंत्रण आले त्या वेळी मी चिटणीसांना स्पष्टच म्हटले, की माझ्याकडे बोलण्यासारखा विषय एकच आहे आणि तो फारसा रंजक नाही. त्यांनी हसून संमती दिली. पुढचा तासभर आपणांस जे सोसावे लागेल, त्याचे श्रेय म्हणूनच आम्हा दोघांना विभागून द्यावे.

गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. नदी शिकवण्याची त्यांची एक रीत होती. इतर शिक्षक उगमापासून मुखाकडे जात, गुरुजी मुखापासून उगमाकडे जात. फळ्यावर आधी समुद्र काढायचा, मग नदीचे मुख, मग वर वर जात प्रत्येक उपनदीला, ओढ्याला विचारायचे, की बाबा रे, तुझे पाणी कोठून आले? रेषा संपतील तेथे हात थांबवायचा आणि म्हणायचे, आता येथे कोण राहते ते सांगा. हा शेवटचा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. मला मात्र नोकरीत तो पदोपदी भेटला, आणि आजच्या व्याख्यानाचा विषयही तोच आहे.

मूसी नदी आपल्या शहराच्या पश्चिमेस, विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते. तिची उपनदी ईसी. लंगर हौजजवळ, बापूघाटापाशी या दोघींचा संगम होतो. तेथून ती जुन्या व नव्या शहराच्या मधून वाहते आणि पुढे नलगोंड्याच्या बाजूने जाऊन वाडपल्लीस कृष्णेला मिळते. आज अफझलगंजाच्या पुलावरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि खालच्या प्रवाहाकडे न पाहता पुढे निघतो. ज्या नदीकाठी १५९१ मध्ये हे नगर वसले ती हीच, यावर नव्या पिढीचा विश्वास बसणे कठीण आहे. परंतु मला आज पुलाखालच्या मूसीविषयी थोडे आणि पुलाच्या वरच्या अंगाच्या मूसीविषयी अधिक बोलावयाचे आहे.

२८ सप्टेंबर १९०८ हा दिवस या शहराच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे. त्या दिवशीच्या महापुरात सुमारे १५ हजार माणसे दगावली, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. अफझलगंजाच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड अद्याप उभे आहे. हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मात्र त्या पुराचे कारण काय, याविषयी आपण सहसा एवढेच सांगतो, की पाऊस फार झाला. पाऊस फार झाला हे खरेच. ईसीच्या खोऱ्यातील शमशाबादच्या केंद्रावर २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला होता. पण तेवढ्यावर हकीकत संपत नाही.

निजाम सरकारने या आपत्तीची चिकित्सा करण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. ते १९०९ मध्ये येथे आले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील त्यांची नोकरी नुकतीच संपली होती. नाशिक, खानदेश, पुणे हा सारा मुलूख त्यांनी पायाखाली घातला होता. त्यांनी पुराचा हिशेब मांडला तो नदीच्या पात्रात उभे राहून नव्हे. शहराच्या वरच्या अंगास मूसीचे सारे पाणलोट क्षेत्र त्यांनी मोजले. त्या सुमारे ८६० चौरस मैलांत त्यांना ७८८ तलाव आढळले. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक तलाव! त्या दोन दिवसांत यांपैकी २२१ तलाव फुटले. १८२ ईसीच्या खोऱ्यात, ३९ मूसीच्या खोऱ्यात.

हे आकडे मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे. वरचा एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळते. खालचा बांध आधीच काठोकाठ भरलेला असतो, तो जातो. मग त्याच्या खालचा. आकाशातून पडलेले पाणी हळूहळू उतरले असते, ते अशा रीतीने एका लोंढ्यात शहरावर आले. शहर मध्यरात्री झोपले असता मैलोगणती दूर असलेल्या, ज्यांची नावेही शहराला ठाऊक नव्हती अशा गावांचे बांध फुटत होते. त्या बांधांची दरसाल डागडुजी कोण करीत होते, सांडव्यात वाढलेली झुडपे कोण तोडीत होते, याची चौकशी तोपर्यंत शहरात कोणाला करावीशी वाटली नव्हती.

विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले. मूसीवरील उस्मानसागर, ज्याला आपण सारे गंडीपेट म्हणतो, १९२० मध्ये पुरा झाला; ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये. गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, अशी येथील लोकांची समजूत आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत ती खरी ठरली. लातूरकडून ते दोन वर्षांसाठी म्हणून आले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर अवलंबून आहे. हे जलाशय मूळचे पुराला आवर घालण्यासाठी कल्पिलेले. पिण्याचे पाणी हा त्यांचा दुसरा उपयोग. या दोन उपयोगांत जन्मजात भांडण आहे. पिण्यासाठी तलाव भरलेला हवा. पुरासाठी त्यात जागा रिकामी हवी. पावसाळ्याच्या अखेरीस दार किती उघडावे आणि केव्हा, हा निर्णय घेणाऱ्या माणसाची झोप उडते, हे मी अनुभवाने सांगतो. आणि त्या माणसाला वेळ किती मिळणार, हे ठरते वरच्या जमिनीवर. शेत, माळ, झुडपी रान असेल तर पाणी मुरते, रेंगाळते, तलावातलिावात थांबते. तेथे फरशी, डांबर आणि छपरे झाली, की तेच पाणी घाईने येते आणि येताना गटार घेऊन येते.

आता त्या ७८८ तलावांकडे वळू. तेलंगणाच्या खेड्यात मोठ्या तलावाला चेरुवू म्हणतात, लहानाला कुंटा. चेरुवूच्या बांधात पाणी सोडण्याचे जे दार असते ते तूम, आणि जादा पाणी वाहून जाण्याची जागा ती मत्तडी, म्हणजे आपला सांडवा. या सर्वांची राखण करणारा गावचा माणूस म्हणजे नीरटी. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी जायचे, पाऊस कमी असेल त्या साली किती जमीन भिजवायची, बांधाला कोठे घूस लागली आहे, हे सारे त्याच्या अंगावर. त्याचा मोबदला पिकाच्या राशीतून मिळे. महाराष्ट्रातून आलेल्या श्रोत्यांना बलुत्याची आठवण होईल. आणि धुळे-नाशिककडचे कोणी येथे असतील तर त्यांना पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड पद्धतीतला पाटकरी आठवेल. विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी पांझरेच्या काठी काम केले होते. पाणी हे गावाने राखायचे असते आणि वाटून घ्यायचे असते, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नसावी.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. नीरटी बहुधा गावाच्या खालच्या पायरीवरचा असे, आणि तुमाजवळची उत्तम जमीन कोणाची असे हे आपण जाणतोच. पाणी न्यायाने वाटले जाई, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन, की बांधाला भोक पडल्याचे कोणाला तरी त्याच दिवशी कळत असे. पुढे तलाव खात्याकडे गेले, नीरटीचा वाटा बंद झाला, विहिरी आल्या, मग कूपनलिका आल्या. २००४ पासून तत्कालीन आंध्र प्रदेशात शेतीला वीज फुकट झाली आणि जमिनीखालचे पाणी उपसण्याला धरबंध उरला नाही. ज्याच्या शेतात कूपनलिका आहे त्याला चेरुवू कशाला हवा? ज्याला तो नको, तो त्याच्या बांधावर फावडे कशाला मारील? तेलंगणा राज्य झाल्यावर २०१५ मध्ये मिशन काकतीय या नावाने ४६ हजारांहून अधिक तलावांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. शेतकऱ्यांनी तो गाळ स्वखर्चाने शेतात नेला, ही त्यातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट. काम चांगलेच होते. पण गाळ यंत्राने निघतो, नीरटी यंत्राने परत येत नाही. आणि माझ्या मते त्या योजनेचे दुबळे अंग तेथेच राहिले.

गंडीपेट आणि हिमायतसागर यांच्या बाबतीत शहराने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. ८ मार्च १९९६ रोजी जी. ओ. १११ हा शासकीय आदेश निघाला. दोन्ही तलावांच्या भोवती १० किलोमीटरच्या परिसरात प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेले, वसाहती यांना त्याने मनाई केली. ८४ गावे त्याखाली आली. लवकरच त्याची कसोटी लागली. वनस्पतिजन्य तेलाचा एक कारखाना या कक्षेत उभारण्याची परवानगी मागितली गेली, सरकारने सूट दिली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत न्यायालयाने त्यात निकाल दिले. अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याला कारखाना काढायचा आहे त्याच्यावर. अपाय होईल हे तहानलेल्या नागरिकाने सिद्ध करण्याची गरज नाही, असे तत्त्व त्यातून पुढे आले, आणि लक्षावधी लोकांच्या पिण्याच्या पाण्याबाबत सरकारलाही मनमानी सूट देता येणार नाही, असे ठरले. कायद्याचे विद्यार्थी आजही हे निकाल अभ्यासतात. आपल्या दारचा तलाव साऱ्या देशाच्या कायद्याला एक पाठ शिकवून गेला, याचा आपणांस अभिमान वाटण्यास हरकत नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी गुरुजींचा विद्यार्थी शोभणार नाही. त्या परिसरातील एका गावी कामानिमित्त गेलो असता पारावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, तुमच्या शहराने पाणी प्यावे म्हणून आम्ही जमीन विकायची नाही, घर वाढवायचे नाही, मुलाने धंदा काढायचा नाही. ठीक आहे. पण शहराने त्याबद्दल आम्हांला काय दिले?” माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण शहराजवळच उत्तर नव्हते. रस्त्याच्या पलीकडे, रेषेच्या बाहेर, जमिनीचे भाव आकाशाला भिडत होते. रेषेच्या आत शेतकरी थांबून राहिला, आणि पैसेवाल्यांची शेतघरे व मंगल कार्यालये कोणाच्या तरी कृपेने उभी राहिली. राखण ज्याने करायची, त्याला मोबदला नाही. जुन्या काळी निदान नीरटीला राशीतून सुपे भरून धान्य मिळत असे. या ८४ गावांना शहराच्या पाणीपट्टीतून दर वर्षी ठरावीक वाटा दिला गेला असता, तर तो आदेश टिकवण्यासाठी गावेच उभी राहिली असती, असे माझे ठाम मत आहे.

तसे झाले नाही. गावांनी आदेश रद्द करण्याची मागणी लावून धरली आणि एप्रिल २०२२ मध्ये राज्य सरकारने जी. ओ. ६९ काढून तो निर्बंध उठवला. कारण असे देण्यात आले, की शहर आता कृष्णा आणि गोदावरीचे पाणी पिते, या दोन तलावांचा त्यातील वाटा अगदी अल्प उरला आहे. वाटा अल्प उरला, हे खरे. पण तो का उरला? पाऊस फारसा घटला नसताना तलावांत येणारे पाणी घटले, कारण वरच्या खोऱ्यात ते ठिकठिकाणी अडले, उपसले गेले, वाटेतले ओढे बुजले. आधी आवक मारायची आणि मग तलाव निरुपयोगी म्हणायचा, हा तर्क मला पटत नाही. शिवाय तलावांचे पहिले काम पूर अडवणे हे होते. त्याचा त्या कारणमीमांसेत उल्लेख शोधावा लागतो.

पुराने स्वतःच त्याची आठवण दिली. १३ ऑक्टोबर २०२० रोजी शहरावर अतिवृष्टी झाली, आणि काय घडले? पल्ले चेरुवू फुटला. काही दिवसांनी बालापूरजवळचा गुर्रम चेरुवू फुटला. खालच्या वस्त्यांत पाणी घुसले. १९०८चेच गणित, फक्त लहान आकड्यांत. २०२५च्या सप्टेंबरअखेरीस, त्या जुन्या महापुराच्या तिथीच्या आसपासच, दोन्ही जलाशयांतून पाणी सोडावे लागले आणि महात्मा गांधी बसस्थानकात मूसी शिरली. बसस्थानक नदीच्या पात्रात आहे, की नदी बसस्थानकात आली, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवावा.

कृष्णा-गोदावरीचे पाणी आहे ना, मग चिंता कशाची, असे मला पुष्कळ जण विचारतात. येथे मराठी श्रोत्यांसमोर मला मांजरेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९६५ पासून आपले शहर मांजरेचे पाणी पीत आले. पुढे त्याच नदीवर सिंगूरचा जलाशय झाला. ही मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरांत निघते, लातूरला पाणी पाजते, बिदरवरून तेलंगणात येते आणि कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ तिच्या काठी आहे. एप्रिल २०१६ मध्ये धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. त्याच दुष्काळात सिंगूर आटले, मांजरेचा बंधारा आटला, गंडीपेट आणि हिमायतसागरही आटले. लातूरची मावशी घागर घेऊन रांगेत उभी होती त्या दिवसांत तिच्या हैदराबादच्या भाचीच्या नळाला पाणी येत होते, ते केवळ आपण आणखी दूरच्या नद्यांवर हात ठेवला होता म्हणून. दूरचे पाणी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी वरच्या अंगाचे पाणी. त्याची राखण आपण करीत नाही आणि ती करणारे कोण, हे आपण विचारीतही नाही. शिवाय एवढ्या लांबून ते चढावर उपसून आणायला वीज लागते. गंडीपेटचे पाणी आसिफनगरच्या गाळणीपर्यंत उताराने, आपल्या पायाने चालत येई.

आणि वापरलेले पाणी जाते कोठे? पुन्हा मूसीतच. आज नदी उन्हाळ्यातही वाहते ती आपल्या सांडपाण्यावर. शहराच्या खाली शेतकरी त्याच पाण्यावर गवत आणि भात पिकवतात. त्या गवतावर पोसलेल्या म्हशींचे दूध पुन्हा शहरात येते. एके काळी पिण्याचे पाणी देणाऱ्या हुसेनसागरात कुकटपल्लीचा नाला कारखान्यांचे पाणी घेऊन उतरला आणि त्याचे काय झाले ते आपण पाहतो. पाटणचेरूच्या बाजूचा नक्कावागू हा ओढा तर तसलेच पाणी घेऊन मांजरेकडे गेला, आणि त्याबद्दल काठच्या शेतकऱ्यांना १९९०च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. याविषयी विस्ताराने बोलायला वेगळे व्याख्यान हवे.

मग आपण काय करावे? मला घोषणांचा कंटाळा आहे, म्हणून या प्रशालेपुरतेच बोलतो. बन्सीलालपेठेतील जुनी बारव कित्येक वर्षे कचऱ्याने भरलेली होती. नागरिक, वास्तुकार आणि महानगरपालिका यांनी मिळून ती उपसली, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. आत निर्मळ पाणी होते. कचऱ्याखाली ते थांबून राहिले होते. आपल्या प्रशालेच्या मागील अंगणातही एक आड आहे, ज्यावर सध्या लोखंडी झाकण व झाकणावर मोडके बाक आहेत. ते झाकण काढावे. दर पंधरवड्याला सातवी-आठवीच्या मुलांनी दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी आणि वहीत लिहावी. छपराचे पावसाचे पाणी त्यात गाळून सोडावे. दहा वर्षांच्या अशा नोंदी एका शाळेत असल्या, तर त्या कोणत्याही खात्याला दुर्लक्षिता येणार नाहीत, हे मी खात्यातला माणूस म्हणून सांगतो.

दुसरे, सहलीचे. दर वर्षी मुलांना रामोजी चित्रनगरीला नेता, जरूर न्या. पण एकदा अनंतगिरीला न्या, आणि येताना वाटेतल्या एखाद्या चेरुवूच्या बांधावर उतरवा. गावकऱ्यांशी तेलुगूत बोलायला लावा. आपल्या मुलांना ती उत्तम येते. तूम कोठे, मत्तडी कोठे, तिच्या पुढचा ओढा मोकळा आहे की त्यावर भिंत आली आहे, हे त्यांना विचारू द्या. माजी विद्यार्थी संघाने एकच गाव आणि एकच तलाव निवडावा. त्याच्या बांधाची देखभाल करणाऱ्या माणसाला वर्षभराचे वेतन संघाने द्यावे. रक्कम मोठी नाही. गेल्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला त्याहून अधिक खर्च आला होता, हे खजिनदार सांगतील. त्या माणसाला आपण कोणत्या नावाने हाक मारायची हे गाव ठरवील. मला नीरटी हे नाव आवडेल.

यासाठी पहिल्या वर्षाची रक्कम मी आजच संघाच्या चिटणीसांकडे सुपूर्द केली आहे. तलाव निवडण्यासाठी जी मंडळी जातील, त्यांच्याबरोबर नकाशा घेऊन मी येईन. जून लागण्यापूर्वी गेलेले बरे, कारण बांध कोरडा असतानाच त्याच्या भेगा दिसतात.